जादाचा एक स्क्रू

आमची वहिनी तोंडात स्क्रू धरते. एका वेळी चारपाच, ओठांच्या कोपऱ्यात, आणि वर त्यांच्यासकट बोलतेही. मी ओरडून ओरडून थकलो. एखादा गिळलास तर पोट कोण फाडणार, असं विचारलं की म्हणते, "आजवर एक टाचणी गिळली नाही भावजी, स्क्रू काय गिळेन?" कारण स्क्रूच्या आधी त्याच जागी टाचण्या असायच्या. लग्न होऊन आमच्या घरात आली ती शिलाई मशीन घेऊनच, आणि कित्येक वर्षं लोकांचे कपडे शिवत बसली. आता आमच्या वर्कशॉपमध्ये राउटर चालवते. मशीन बदललं, तोंड तेच राहिलं.

राउटर म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कापणारं, कोरणारं मशीन. डबल पलंगाएवढं सपाट टेबल, त्यावर पुढेमागे सरकणारा आडवा पूल, पुलाला लटकलेली मोटर आणि मोटरच्या टोकाला बिट, म्हणजे कापणारं पातं. टेबलावर प्लायवूडची शीट घट्ट बांधायची, कॉम्प्युटरमध्ये आकार द्यायचा, चावी फिरवायची, बटण दाबायचं. पुढचं ते बघतं. मोटर इतक्या जोरात फिरते की बिट फिरतंय हेच डोळ्यांना कळत नाही, जागेवर उभं असल्यासारखं दिसतं. खरी गोम तिथे आहे.

वर्कशॉप आम्हा दोघा भावांचं. लाकूड दादाचं, तोंड माझं, अशी वाटणी. म्हणजे दादा कापायचा, जोडायचा, आणि मी गिऱ्हाइकांशी भांडायचो. दादाचा हात असा की त्याने लावलेल्या दाराची फट शोधायला गिऱ्हाईक चष्मा पुसायचं. मग एक दिवस टेबलावरच्या करवतीने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. ब्लेड खराब होतं, फळी उसळली, असं दादाने हॉस्पिटलमध्ये सांगितलं आणि मग आम्ही सगळे तसंच सांगत राहिलो. त्या दिवशी करवतीवरची लोखंडी टोपी, जी हात आणि ब्लेड यांच्यामध्ये असते, ती मला समोरच्या खिळ्याला लटकलेली दिसली होती. पण बँडेज बांधून पडलेल्या माणसाला काय बोलणार? मी तोंडात मिठाची गुळणी धरली. टोपी खिळ्यावरच राहिली, करवतीवर कापड टाकलं.

त्यानंतर दादाने वर्कशॉपात पाऊल टाकलं नाही. घरी खिडकीशी बसायचा, पेपर वाचायचा, बातम्यांवर चिडायचा. मी चल म्हटलं की म्हणायचा, "मी येऊन काय करू, तुझे फोन घेऊ?" मला त्याचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं, आणि ही दोन्ही एकदम आली की माझं डोकं सटकतं. मग मी वेल्डरवर खेकसायचो. वेल्डर म्हणजे आमचा शेजारी, भिंतीला भिंत लागून त्याचं शेड. त्याचा काही दोष नसायचा, पण तो मनावर घ्यायचा नाही.

राउटर मी घेतला तो दादाच्या जागी माणूस मिळेना म्हणून. चालवायला एक ऑपरेटर ठेवला, तो वर्षभर टिकला आणि एका मोठ्या कारखान्यात गेला. मशीन गप्प, कामं तुंबलेली, मी डोक्याला हात लावून बसलेलो. अशात वहिनी माझा डबा द्यायला आली आणि कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकावली. प्लायच्या शीटवर कपाटाचे तुकडे कसे बसवायचे याची जुळणी मी करत होतो.

"हे असं मांडतात होय?" ती म्हणाली. "मधे एवढं कापड फुकट?"

"कापड नाहीये ते."

"तेच ते. सरका."

मी सरकलो. ती जी बसली ती बसलीच. मशीन विकणाऱ्या कंपनीचा माणूस शिकवायला यायचा, त्याला तिने प्रश्न विचारून विचारून नाकी नऊ आणले. हे इथे का दाबायचं, नाही दाबलं तर काय होईल, आणि मग बंद कसं करायचं. बंद कसं करायचं हे ती चालू कसं करायचं याच्याआधी शिकली. शिकताना दोन शीट वाया घालवल्या तेव्हा मी बोललो, तिनेही ऐकवलं, आठवडाभर आमची बोलाचाली बंद होती.

दादाला हे पसंत नव्हतंच. जेवता जेवता हात थांबवून म्हणाला, "या घरातून एक हात गेला तेवढा पुरे झाला."

वहिनी म्हणाली, "माझे दोन्ही परत आणीन."

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी दादाने अट घातली. त्या मशीनवर तिच्या हातून एक चूक झाली, एकच, की त्या दिवसापासून ती घरी. पुन्हा विषय नाही. वहिनी कबूल म्हणाली, आणि वर म्हणाली, "झाली तर मी स्वतः येऊन सांगेन. तुम्हाला दुसऱ्या कुणाला विचारावं लागणार नाही."

मला ही अट म्हणजे शुद्ध वेडेपणा वाटला. काम करणाऱ्याच्या हातून एक चूक होणारच. मी तसं वहिनीला बोलून दाखवलं. ती टेबल झाडत होती, झाडू न थांबवता म्हणाली, "भावजी, मला हे काम आवडतं. शिवण मी करत होते, वाईट करत नव्हते, पण सकाळी उठून कधी पाय ओढ घेत नव्हते. इथे घेतात. म्हणून म्हटलं कबूल." एवढं सरळ ती सहसा बोलत नाही.

मग तिने जे एकेक नियम काढले त्यांनी माझा जीव नकोसा झाला. पहिला चावीचा. चावी काढली की पडदा चालू राहतो, पण मशीन जागचं हलत नाही. टेबलावर हात जायचा असेल, नुसता भुसा पुसायला का होईना, तर चावी काढून एप्रनच्या खिशात. ज्याचा हात आत, त्याच्या खिशात चावी. मी म्हटलं, सारखी काढघाल करतेस, दोरीत ओवून गळ्यात तरी घाल. तर तिने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मीच तिला फास देतोय. "फिरणाऱ्या मोटरपुढे गळ्यात दोरी घालू? तुम्ही फोनच घ्या भावजी." वेल्डरने आपले चामड्याचे हातमोजे देऊ केले, तेही परत. मोज्याचं टोक बिटात अडकलं तर मोजा एकटा जात नाही, हात घेऊन जातो, असं तिने त्याला समजावलं. बांगड्या घरी, केस टोपीखाली, बाह्या कोपरापर्यंत, डोळ्यांवर गॉगल, कानांवर आवाज अडवणारे ते मोठे मफ. त्या अवतारात तिला हाक मारायची तर समोर जाऊन हात हलवावे लागतात.

दुसरा नियम हवेतल्या फेरीचा, आणि माझं तिचं निम्मं भांडण त्यावरच. शीट बांधून झाली की ती बिट लाकडाच्या वर उचलून ठेवते आणि सगळं काम एकदा हवेत करून बघते. मोटर बंद, पूल नुसता फिरतो, बिट कुठून कुठे जातंय ते ती टेबलाभोवती फिरून बघते. वाटेत शीट पकडणारा क्लॅम्प येतोय का, स्क्रू येतोय का, शीटच्या बाहेर तर जात नाही ना. हे सगळं झालं की मग खरं काम. गिऱ्हाईक फोनवर माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतंय, आणि इथे वहिनी मशीनला हवा खायला फिरवून आणतेय. मशीन चालू असताना ती जागा सोडत नाही हा तिसरा नियम. वीज बिलवाला आला तरी नाही, मी हात हलवले तरी नाही.

आणि ती मच्छरदाणी. छपराला लावतात ती जाड पारदर्शक शीट तिने आणवली, वेल्डरकडून लोखंडी चौकट करून घेतली, आणि मशीनच्या तीन बाजूंनी उभी केली. बिट मोडलं तर तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही, म्हणाली. वेल्डर म्हणाला, मशीनला डास चावतात का? तेव्हापासून मच्छरदाणी हेच नाव पडलं. तिचं दार उघडून आत जायचं, बांधायचं, बाहेर यायचं, दार लावायचं, मग चावी. घरी दादाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो विचारायचा नाही, ती सांगायची नाही. संध्याकाळी ती आली की तो पेपराच्या वरून तिच्या हातांकडे बघायचा आणि परत पेपरात डोकं घालायचा. हे मी रोज बघितलंय.

असे बरेच दिवस सुरळीत गेले. मग बालवाडीचं काम आलं, लहान मुलांच्या कपाटांची दारं, त्यांत ढग आणि मासे कोरायचे. माल दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होते. एक शीट ओलीत उभी राहिल्यामुळे मधोमध जराशी फुगलेली निघाली. वहिनीने ती कडेने स्क्रू मारून बांधली, हवेत फेरी मारली, सगळं बघितलं, आणि काम सुरू केलं. मी मच्छरदाणीच्या बाहेर, दाराशी, बालवाडीच्या बाईंशी फोनवर बोलत होतो.

दोन ढग झाले. मग शीट मधोमध वर उचलली जायला लागली आणि खडखड आवाज यायला लागला. वहिनीने मशीन थांबवलं. मोटर पूर्ण थांबेपर्यंत उभी राहिली, चावी काढून खिशात टाकली, आत गेली. इथपर्यंत सगळं तिच्याच नियमाने. आत जाऊन तिने फुगवट्यावर तळहात ठेवला, तोंडातला एक स्क्रू काढला आणि फुगवट्याच्या मधोमध मारला. सरकणाऱ्या कापडाला शिंपीण जशी न बघता एक जादाची टाचणी टोचते, अगदी तशी. बाहेर आली, दार लावलं, चावी फिरवली, आणि जिथे थांबवलं होतं तिथून पुढे चालू केलं.

हवेतली फेरी तिने एकदा मारलीच होती. पण ती स्क्रूच्या आधी. आणि तो स्क्रू बरोबर माशाच्या शेपटीच्या वाटेत होता.

टक्कन आवाज झाला. फार मोठा नव्हता, बाईंनी फोनवरून विचारलंही नाही की काय झालं. वहिनीचा हात मशीन थांबवायच्या लाल बटणावर पडला होता. मशीन थांबलं तेव्हा मोटरला निम्मंच बिट होतं. उरलेलं निम्मं मच्छरदाणीच्या शीटमध्ये रुतून बसलं होतं, वहिनी उभी होती त्याच्या नेमकं समोर, आणि भोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे. मी फोन तसाच बंद केला.

वहिनीने सगळं थांबल्याची खात्री केली, चावी काढली, आत जाऊन स्क्रूचं खरवडलेलं डोकं बघितलं. मग मफ काढले आणि म्हणाली, "जादाचा स्क्रू घातला आणि फेरी मारली नाही."

"तुला लागलं का कुठे?"

"नाही."

"मग झालं तर. नवीन बिट लाव, शीट दुसरी घे. मच्छरदाणीची शीट मी आजच बदलून घेतो. दादाला ताकास तूर लागायला नको."

"मी सांगणार आहे."

"कशाला? कुणी बघितलंय?"

"तुम्ही."

"मी आंधळा आहे समज."

"आणि मी?" ती म्हणाली.

मी बरंच बोललो. तू घरी बसलीस तर हे मशीन कोण चालवणार, बालवाडी सोड, पुढची कामं कोण करणार, दादाने रागाच्या भरात घातलेली अट ती, एवढी काय धरून बसायची. खरं सांगायचं तर कामाची काळजी होतीच, पण त्याहून मला हे सहन होत नव्हतं की जी बाई सकाळी आनंदाने इथे येते तिला एका स्क्रूपायी घरी बसावं लागेल. हेही मी बोललो. ती ऐकत होती आणि नवीन शीट बांधत होती. फेरी मारली. दारं पूर्ण केली, मासे, शेपट्या, सगळं. मग टेबल रोजच्यापेक्षा जास्त वेळ पुसत बसली. एरवी चावी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहते, त्या दिवशी ती घरी घेऊन निघाली.

जेवण वाढून झाल्यावर तिने दादाला सांगितलं. "अहो, आज मशीनवर चूक झाली. माझी." आणि काय झालं ते पहिल्यापासून, जसं झालं तसं. मी मधे तोंड घातलं की बिट तसंही जुनं होतं. दादा म्हणाला, "तू गप्प बस." मग तिला एवढंच विचारलं, "हात?"

तिने दोन्ही हात ताटाच्या दोन बाजूंना उताणे ठेवले. दादाने ते बघितले. चावी तिने त्याच्या तांब्याशेजारी ठेवली. तो अर्धवट जेवूनच उठला आणि खिडकीशी जाऊन बसला. चावी तिथेच पडून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी घरीच राहिली. मी एकटा वर्कशॉपला आलो, माल गाडीत चढवला आणि उगाच वेल्डरशी भांडण उकरून काढलं. तो उलटून बोलणार तेवढ्यात माझ्या मागे बघत गप्प झाला. दादा येत होता. मागे चार पावलांवर वहिनी. ती माझ्याकडे बघून खांदे उडवत होती, म्हणजे तिलाही काही सांगितलेलं नव्हतं.

दादा आत आला. करवतीपाशी थांबला नाही, सरळ मच्छरदाणीपाशी गेला. तडे गेलेली शीट अजून तशीच होती.

"कुठे उभी होतीस?"

वहिनी मशीनच्या बटणांच्या पॅनलसमोर जाऊन उभी राहिली. दादा दार उघडून आत गेला, रुतलेल्या तुकड्यावर बोट ठेवलं आणि शीटमधून तिच्याकडे बघितलं. बोट नेमकं तिच्या गळ्याच्या रेषेत होतं. आदल्या दिवशी माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. दादाने बाहेर येऊन जवळचं स्टूल ओढलं आणि बसला.

"ही शीट कुणी लावली?" त्याने विचारलं.

"मी. चौकट वेल्डरदादांनी केली."

"मला बोलली नाहीस."

"बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, एवढं धोक्याचं आहे तर करायचंच कशाला."

दादा मान हलवत राहिला. मग खिळ्याकडे बघत म्हणाला, "टोपी मीच काढली होती. बारीक पट्ट्या कापायच्या होत्या, मधे मधे येत होती. ब्लेडला काही झालं नव्हतं."

मला माहीत होतं आणि वहिनीलाही माहीत असणार, पण दादाच्या तोंडून ते आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

"परत लावायला कितीसा वेळ लागला असता," दादा म्हणाला.

"मी तरी काय केलं?" वहिनी म्हणाली. "फेरीला कितीसा वेळ लागला असता." मग तिने खुंटीवरचा आपला एप्रन काढला आणि परत करायला त्याची घडी घालू लागली. "शब्द दिलाय तुम्हाला. मी काही रडतभेकत नाहीये."

रडत नव्हती, पण आवाज फाटला होता. इतक्या वर्षांत मी तिचा तसा आवाज ऐकला नव्हता.

"राहू दे ते," दादा म्हणाला. "शब्द तू पाळलास. चुकलीस आणि येऊन सांगितलंस. मी काय केलं ते आत्ता कळलं तुला. आता तुझ्या शब्दावर तुला घरी बसवू, तर मला कुठे बसवायचं?"

त्याने खिशातून चावी काढली. मला वाटलं तिला देतोय. पण त्याने ती मुठीत धरली, अंगठा आणि दोन बोटं उरलेल्या उजव्या मुठीत, आणि म्हणाला, "ही माझ्याकडे राहणार. तू आत असेपर्यंत माझ्या खिशात. बाहेर आलीस, दार लावलंस, की मागायची. आणि मधे काही घातलंस, काढलंस, नुसतं हलवलंस, तरी फेरी पहिल्यापासून. विसरलीस तर चावी नाही."

"तुम्ही रोज येणार?" वहिनीने विचारलं.

"मग चावी पोस्टाने पाठवू?"

वेल्डर हसला. मग दादा उठला, खिळ्यावरची टोपी काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि माझ्या हातात दिली. "करवतीवर चढव. आणि आज काम काय आहे?"

काम शेल्फांचं होतं. मी आणि वेल्डरने मच्छरदाणीची शीट बदलली, मग वहिनी आत गेली. शीट ठेवली, कडेने बांधली, दाबून बघितली. बाहेर आली, दार लावलं, आणि दादासमोर हात पुढे केला. त्याने चावी दिली नाही. तिने भुवया वर केल्या. तरी नाही.

"ऊं?" ती म्हणाली. त्याहून जास्त बोलता येत नव्हतं.

"तोंडातले स्क्रू काढ आधी," दादा म्हणाला. "जादाचा तिथूनच येतो."

माझं एवढ्या वर्षांत तिने कधी ऐकलं नव्हतं. वळली, स्क्रू तळहातावर काढले, डब्यात टाकले, आणि परत हात पुढे केला.